श्वानाचे विषभक्षण आणि वैद्याचे कर्तव्य

काही वर्षांपूर्वीच्या रब्बी हंगामातील प्रसंग आहे. गेवराई तालुक्यातील चकलांबा येथे आम्ही रुग्ण तपासत असता एक शेतकरी आपला राखणीचा कुत्रा पोत्यात घेऊन दुचाकीवरून दवाखान्याच्या दारात आला. "डॉक्टरसाहेब, वावरात उंदराचं औषध टाकलं होतं. त्याच्या गोळ्या यानं खाल्ल्या. काय तरी करा, लेकरावानी हाय," असे तो म्हणाला. कुत्रा त्या वेळी शुद्धीवर होता. एकदा त्याला उलटी झाली होती आणि तो अस्वस्थपणे फिरत होता. "आम्ही माणसांचे वैद्य, जनावरांचे नव्हे," हे सांगण्याचा धीर आम्हास झाला नाही. विषात घृत आणि दुग्ध हितकर, हे विद्यार्थिदशेपासून मनात ठसलेले. आम्ही घरातून दूध आणविले, त्यात तूप घातले आणि ते त्यास पाजविले. उंदराचे औषध कोणते, हे मात्र आम्ही विचारले नाही.

पाऊण तासात कुत्रा थरथरू लागला, पुढे त्यास आकडी आली आणि तालुक्याच्या गावी नेत असता वाटेतच तो गेला. दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याने औषधाची रिकामी पुडी आणून दाखविली. ते झिंक फॉस्फाईड होते. आम्ही परिचयाच्या पशुवैद्यकास दूरध्वनी केला, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की, या विषात पोटात अन्न वा दूध गेले की जठरातील आम्ल वाढते आणि त्या आम्लाशी संयोग होऊनच विषारी वायू सुटतो. आमच्या दुधाने तो कुत्रा मेला असे म्हणता येणार नाही. खाल्लेली मात्रा कदाचित मुळातच मारक असेल. परंतु आमच्या दुधाने त्याचे हित झाले नाही आणि उपचाराचा पाऊण तास वाया गेला, हे खरे.

हा प्रसंग आम्ही आजवर कोठे लिहिला नव्हता. आपल्या त्रैमासिकाचे बहुसंख्य वाचक ग्रामीण भागात चिकित्सा करणारे वैद्य आणि आयुर्वेदीय औषधांचे विक्रेते आहेत. पशुवैद्यकीय दवाखाना दूर आणि वैद्याचे वा औषधविक्रेत्याचे दार जवळ, अशी स्थिती असल्याने असा कुत्रा प्रथम आपल्याच दारात येतो. त्या वेळी आपण काय करावे आणि विशेषतः काय करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्राचा आधार आणि त्याची मर्यादा

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानातील विषचिकित्सा अध्यायात मनुष्यामध्ये विषाचे आठ वेग सांगितले आहेत. त्याच ठिकाणी चतुष्पदांमध्ये चारच आणि पक्ष्यांमध्ये तीनच वेग सांगितले आहेत. चतुष्पद प्राणी प्रथम वेगात गळून जातो व भ्रमतो, दुसऱ्यात कापतो, तिसऱ्यात सुन्न होऊन आहार टाकतो आणि चौथ्यात श्वासाच्या विकाराने मरतो, असा त्या वर्णनाचा आशय आहे. प्रत्येक विषात हाच क्रम दिसेल असे नाही. पण आचार्यांच्या या निरीक्षणातील एक गोष्ट आजही तंतोतंत लागू पडते: जनावराच्या बाबतीत वैद्याच्या हाती वेळ थोडा असतो. शेतकऱ्याने कुत्रा आणला तेव्हा तो प्रथम वेगात होता आणि आम्ही दूध पाजले तेवढ्यात दुसरा वेग सुरू झाला, असे आता मागे वळून पाहता म्हणता येते.

याच अध्यायात चोवीस उपक्रम सांगितले असून त्यांत वमन, विरेचन आणि हृदयावरण यांचा समावेश आहे. हृदयरक्षणासाठी मध, तूप, दूध आदी द्रव्ये सांगितली आहेत. वमनाविषयी तर सुश्रुताचार्य असे सांगतात की, एरवी जे वमनास अयोग्य मानले आहेत, तेही विषार्त असतील तर त्यांना वमन द्यावे. म्हणजे विष म्हटले की वमन आणि घृत, ही आपल्या हाताची सवय शास्त्रातूनच आलेली आहे. ती अज्ञानातून आलेली नाही.

तथापि आचार्यांसमोर असलेली स्थावर विषे मूळ, पत्र, फल, निर्यास, धातू अशी होती. रॉकेल, शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल, फॉस्फाईड, सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक ही द्रव्ये त्यांच्या काळी नव्हती. रॉकेल प्यालेल्या प्राण्यास वमन दिल्यास ते फुफ्फुसात जाते. आम्ल वा क्षार प्यालेल्यास वमन दिल्यास अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. पिवळा फॉस्फरस आणि काही कीटकनाशके स्नेहात विरघळतात, त्यामुळे तूप पाजल्यास त्यांचे शोषण वाढते. आचार्यांनी विषाच्या योनीचा, गुणांचा आणि अधिष्ठानाचा विचार करूनच उपक्रम योजण्यास सांगितले आहे. विष कोणते हे न जाणता उपक्रम करणे, हेच शास्त्राला सोडून आहे.

आपल्या परिसरात श्वानाच्या पोटात काय जाते

गेवराई तालुका हा कापूस, ऊस, तूर, बाजरी यांचा मुलूख. येथील बहुतेक कुत्री शेतावर वा मेंढरांमागे फिरणारी असतात आणि ऊसतोडीच्या हंगामात टोळीबरोबर अड्ड्यावर जाणारीही असतात. त्यांच्या पोटात जाणारी विषे शहरातील पाळीव कुत्र्यांपेक्षा निराळी आहेत.

उंदीरनाशके. ही तीन प्रकारची असून तिन्हींची लक्षणे व उपचार भिन्न आहेत.

झिंक फॉस्फाईड ही करडी-काळी पूड असते. ती धान्याच्या भरड्यात तेल घालून कालविली जाते. तेलाच्या वासाने कुत्रा ती आवडीने खातो. उलटीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. सुटणारा वायू माणसालाही घातक असल्याने असा कुत्रा बंद खोलीत ठेवू नये आणि उलटीवर वाकून वास घेऊ नये.

ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त पातळ करणारी औषधे रंगीत वड्यांच्या रूपात मिळतात. ही खाल्ल्यावर कुत्रा दोन ते पाच दिवस अगदी ठणठणीत दिसतो. नंतर हिरड्यांतून, नाकातून, मलातून रक्त येते, धाप लागते. जीवनसत्त्व के-१ हा यावरील निश्चित उपाय असून तो पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली कित्येक आठवडे द्यावा लागतो. "काही झाले नाही, जाऊ द्या" म्हणून कुत्रा परत पाठविणे येथे सर्वांत धोक्याचे ठरते.

पिवळा फॉस्फरस असलेले औषध मलमासारखे नळीत येते. यात प्रथम उलट्या होतात, मग एक-दोन दिवस बरे वाटते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊन कावीळ होते.

कीटकनाशके. सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट वर्गातील औषधांत लाळ गळणे, डोळ्यांतून पाणी, वारंवार मलमूत्रप्रवृत्ती, बाहुली टाचणीच्या टोकासारखी बारीक होणे, स्नायू फडफडणे आणि श्वास लागणे ही लक्षणे दिसतात. थिमेट या नावाने शेतकऱ्यांना परिचित असलेल्या फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे; तरी जुनी पिशवी गोठ्याच्या आढ्याला खोवलेली असू शकते, हे ध्यानात ठेवून चौकशी करावी.

गोगलगायीवरील गोळ्या. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत सोयाबीनवर शंखी गोगलगायींचा मोठा प्रादुर्भाव झाला. तेव्हापासून मेटाल्डिहाईडच्या गोळ्या आपल्या शेतकऱ्यांना परिचित झाल्या. या गोळ्यांकडे कुत्रे आकृष्ट होतात. साधारण तीन तासांच्या आत कंप, आकडी आणि तीव्र ज्वर अशी लक्षणे होतात. शेतकऱ्यास गोळ्या ढिगाने न टाकता विखरून टाकण्यास सांगावे आणि त्या काळात कुत्रा बांधून ठेवण्यास सांगावे.

एरंडीची पेंड. खत म्हणून टाकलेली एरंडीची पेंड कुत्रे उकरून खातात. एरंडतेलात विष उतरत नाही. ते पेंडीत राहते. काही तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशी, उलट्या आणि रक्तमिश्रित अतिसार सुरू होतो.

घरातील पदार्थ. कांदा-लसूण अधिक प्रमाणात खाल्ल्यास कुत्र्याच्या रक्तपेशी फुटतात. चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे २० मिलिग्रॅम इतके पोटात गेल्यास लक्षणे सुरू होतात आणि ६० मिलिग्रॅमच्या आसपास आकडी येऊ शकते. गडद चॉकलेट त्यामुळे अधिक घातक. द्राक्षे व मनुकांनी काही कुत्र्यांचे वृक्क निकामी होतात आणि कोणत्या कुत्र्यास किती मात्रेने होतील याचा नेम नसतो. अलीकडच्या काळात अमेरिकेतील पशुवैद्यकांनी यामागे टार्टारिक आम्ल असावे असे मत मांडले असून, चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही असाच वृक्कविकार झाल्याची नोंद २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. चिंचेच्या झाडाखाली कुत्रा बसतो म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण चिंचेचा गोळा खाल्ल्यावर उलट्या होऊ लागल्यास ती गोष्ट पशुवैद्यकास अवश्य सांगावी.

माणसांची औषधे. अंग दुखते म्हणून कुत्र्यास आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वा पॅरासिटामॉल देणारे मालक आपणास भेटतात. पहिल्या दोहोंनी जठरात व्रण होतात व वृक्कांना इजा पोहोचते, तिसऱ्याने यकृताला. औषधविक्रेत्यांनी कुत्र्यासाठी म्हणून ही औषधे देऊ नयेत.

विषासारखे दिसणारे दुसरे काही

लाळ गळते, कुत्रा विचित्र वागतो, म्हणजे विषबाधाच झाली असे नव्हे. अलर्काची, म्हणजे पिसाळण्याची, शंका प्रत्येक वेळी मनात ठेवावी. काही खाल्ल्याचा पुरावा नाही, दोन-चार दिवसांपासून स्वभाव बदललेला आहे, आवाज बदलला आहे, गिळता येत नाही, खालचा जबडा लोंबतो आहे, अशा कुत्र्याच्या तोंडात "घशात हाड अडकले असेल" म्हणून हात घालू नये. लाळ जखमेस वा ओरखड्यास लागली असल्यास ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी आणि त्या व्यक्तीस त्याच दिवशी अलर्क प्रतिबंधक लसीसाठी शासकीय रुग्णालयात पाठवावे. येथे कुत्र्याआधी माणसाचा विचार करावयाचा आहे.

पहिल्या पाव तासात करावयाच्या गोष्टी

१. कुत्र्यास विषापासून दूर करावे. इतर जनावरे व मुले यांना तेथे जाऊ देऊ नये. उरलेले खाद्य फेकून न देता पिशवीत बांधून ठेवावे.

२. पुडी, बाटली, वेष्टन वा त्याचे छायाचित्र मागवावे. व्यापारी नावापेक्षा घटकद्रव्याचे नाव व टक्केवारी महत्त्वाची असते. वेष्टन न मिळाल्यास ज्या दुकानातून आणले तेथे विचारावे.

३. चार गोष्टी कागदावर लिहाव्यात: काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले आणि कुत्र्याचे अंदाजे वजन. हा कागद मालकाच्या हाती द्यावा. आम्ही त्या दिवशी एवढेच केले असते तरी वाया गेलेला पाऊण तास वाचला असता.

४. त्वरित पशुवैद्यकास दूरध्वनी करावा. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. तालुक्याचे लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि जवळचे खाजगी नोंदणीकृत पशुवैद्यक यांचे क्रमांक दवाखान्यात व दुकानात लिहून ठेवावेत. अधिक गंभीर रुग्णासाठी मराठवाड्यात परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत.

५. अंगावर औषध सांडले असल्यास हातमोजे घालून साबण व भरपूर पाण्याने धुवावे, म्हणजे कुत्रा ते चाटणार नाही.

६. आकडी येत असल्यास अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. तोंडात चमचा, पाणी वा औषध काहीही घालू नये. स्पर्श व आवाज टाळावा.

७. नेताना एका कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी झाल्यास ती श्वासनलिकेत जाणार नाही. वाहनाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वेदनेने कुत्रा मालकासही चावतो. परंतु उलट्या होत असता तोंड बांधू नये. उलटी झाल्यास ती पिशवीत घेऊन सोबत न्यावी.

करू नयेत अशा गोष्टी

मिठाचे पाणी पाजू नये. खेड्यापाड्यांतून हा उपाय सर्वत्र रूढ आहे. मिठाने उलटी होईलच असा भरवसा नाही; न झाल्यास रक्तातील सोडियम वाढून मेंदूस सूज येते आणि मूळ विषाने वाचला असता असा कुत्रा मिठाने दगावतो. मोहरीचे पाणी, घशात बोट घालणे, मोरचूद यांचेही असेच. मोरचूद हे स्वतःच विष आहे.

मदनफळ, वचा आदी आपली वामक द्रव्ये देऊ नयेत. मनुष्यासाठी ठरलेली मात्रा श्वानासाठी ठरलेली नाही आणि वमनाचा वेग सुरू झाल्यावर तो थांबविण्याचे साधन आपल्यापाशी नाही. वमन द्यावयाचेच असल्यास ते साधारण एक-दोन तासांच्या आत, कुत्रा पूर्ण शुद्धीवर असता आणि विष दाहक वा तैलजन्य नाही याची खात्री करून पशुवैद्यक देतात. त्यासाठी त्यांच्याकडे सूचिकाभरणाची औषधे आहेत.

औषधविक्रेत्यांसाठी येथे एक विशेष सूचना आहे. परदेशी पुस्तकांत वाचून कोणी हायड्रोजन पेरॉक्साईड मागावयास येतो. त्या पुस्तकांतील द्रावण ३ टक्क्यांचे असते आणि तेही पशुवैद्यकाने सांगितल्यावरच द्यावयाचे असते. आपल्याकडे दुकानात मिळणारे सामान्य द्रावण सुमारे ६ टक्के, म्हणजे दुप्पट तीव्रतेचे असते. ते पाजल्यास जठराचा दाह व रक्तस्राव होतो. या कारणासाठी ते विकू नये.

दूध, तूप, तेल, ताक, अंड्याचा बलक यांपैकी काहीही आपण होऊन पाजू नये. याचे कारण वर आलेच आहे.

चुलीतला कोळसा कुटून पाजू नये. विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा निराळ्या प्रक्रियेने तयार होतो. तोही आम्ल, क्षार, मद्यार्क, धातू यांवर उपयोगी पडत नाही आणि अर्धवट शुद्धीतील प्राण्याच्या फुफ्फुसात गेल्यास घात करतो.

शेवटी एक मोह. सेंद्रिय फॉस्फरस विषावर पशुवैद्यक अॅट्रोपिन देतात आणि धत्तुरात त्याच वर्गातील द्रव्ये असतात, हे आपणास ठाऊक असते. म्हणून धोत्र्याचा रस पाजावा, असा विचार एखाद्या वैद्याच्या मनात येणे शक्य आहे. धत्तुराच्या पानापानांत व बीजाबीजांत या द्रव्यांचे प्रमाण बदलते. मात्रा मोजता येत नसता असे करणे म्हणजे एका विषावर दुसरे विष चढविणे होय.

आपल्या औषधशाळेतील धोके

बाहेरच्या विषांची चर्चा केल्यावर आपल्या फडताळाकडेही पाहिले पाहिजे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई (१) मध्ये आयुर्वेदातील विषद्रव्यांची यादी आहे. वत्सनाभ, विषमुष्टी, भल्लातक, धत्तूर, जयपाल, गुंजा, करवीर, लांगली, अहिफेन, हरताळ, मनःशिला, पारद, हिंगूळ, तुत्थ ही त्यांतील नित्य परिचयाची. अशी द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. कुत्र्यास ती सूचना वाचता येत नाही, म्हणून जबाबदारी आपली.

विषमुष्टी, म्हणजे कुचला अथवा काजरा, आणि श्वान यांचे नाते दुःखद आहे. मोकाट कुत्रे मारण्यासाठी यातील स्ट्रिक्नीन वापरण्याची रीत आपल्या देशात होती. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ मध्ये स्ट्रिक्नीनची सुई टोचून कुत्रे मारणे हा नावानिशी अपराध सांगितलेला आहे. हे विष पोटात गेल्यावर दहा मिनिटांपासून दोन तासांपर्यंत केव्हाही अंग ताठ होते आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांनी पुन्हा पुन्हा धनुर्वातासारखे झटके येतात. कुत्रा या सर्व काळात शुद्धीवर असतो. असा कुत्रा पाहिलेला वैद्य कुचल्याची बरणी उघडी ठेवणार नाही.

शोधनकर्मातील एका गोष्टीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. कुचला, धत्तूरबीज इत्यादींचे दोलायंत्राने दुधात स्वेदन केले की ते दूध त्याज्य मानून आपण परसात ओततो. द्रव्यातील विषांशाचा काही भाग त्या दुधात उतरतो, म्हणूनच तर ते त्याज्य. परंतु दाराशी बसलेल्या कुत्र्यास ते दूधच असते. वत्सनाभाचे गोमूत्र, साली, अंकुर, कपडछाण करून उरलेला चोथा यांचेही तसेच. ही त्याज्य द्रव्ये वस्तीपासून दूर खोल खड्ड्यात पुरून वर माती व दगड टाकावेत.

धत्तुराची बाधा झाल्यास बाहुली मोठी होते, तोंड कोरडे पडते आणि कुत्रा भ्रमिष्टासारखा वागतो. कीटकनाशकात याच्या नेमके उलट, म्हणजे बाहुली बारीक आणि लाळ अखंड, असे चित्र दिसते. हा भेद पशुवैद्यकास दूरध्वनीवर सांगितल्यास निदानास मोठे साहाय्य होते. वत्सनाभात लाळ, उलट्या, दौर्बल्य आणि हृदयाच्या गतीचा विक्षेप होतो. गुंजेचे बीज अखंड गिळल्यास बहुधा तसेच बाहेर पडते; चावलेले वा कुटलेले बीज घातक. भल्लातकाने तोंडास व त्वचेस फोड येतात.

विषद्रव्यांच्या यादीत नसलेली काही द्रव्येही श्वानास अहितकर आहेत. मनुका, द्राक्षासव, लसणाचे कल्प यांचा उल्लेख वर आलेल्या कारणांसाठी करावा लागतो. आसव-अरिष्टांतील स्वयंजनित मद्यार्कही लहान कुत्र्यास बाधतो. शर्कराविरहित म्हणून मिळणाऱ्या उत्पादनांत झायलिटॉल असल्यास तेही पाहावे. माणसास निरुपद्रवी असलेल्या या पदार्थाने कुत्र्याची रक्तशर्करा अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

कायद्याची बाजू

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्यक व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांनाच आहे. आपली नोंदणी मनुष्याच्या चिकित्सेसाठी आहे. प्रथमोपचार करणे, माहिती लिहून देणे आणि त्वरित पाठविणे येथपर्यंत आपले क्षेत्र. औषधयोजना हे त्यांचे. आपल्या क्षेत्रात अनधिकृत व्यक्तींनी केलेल्या ढवळाढवळीबद्दल आपण संघटनेच्या व्यासपीठावरून नेहमी तक्रार करतो. तोच न्याय येथे स्वतःस लावला पाहिजे.

कोणी मुद्दाम विष घातल्याचा संशय असल्यास तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली अपराध आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. अशा वेळी उरलेले खाद्य व उलटी जपून ठेवावी, पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी आणि कुत्रा दगावल्यास पुरण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यावे.

सभासदांस विनंती

या विषयात आपण तीन गोष्टी सहज करू शकतो. एक, दवाखान्यात व दुकानाच्या गल्ल्याजवळ १९६२ आणि जवळच्या पशुवैद्यकाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावा. दोन, अनुसूची ई (१) मधील द्रव्यांचे फडताळ कुलूपबंद ठेवावे आणि शोधनाची त्याज्य द्रव्ये पुरावीत. तीन, पेरणीच्या व काढणीच्या हंगामात येणाऱ्या शेतकरी रुग्णांना उंदराचे औषध घालताना कुत्रा बांधण्याची आणि पुडी जपून ठेवण्याची आठवण करून द्यावी. यास खर्च काही नाही.

तो शेतकरी आजही आमच्याकडे औषधास येतो. त्याने आम्हास कधी दोष दिला नाही. "तुम्ही तरी काय करणार, साहेब," एवढेच तो म्हणाला होता. परंतु आम्ही काय करावयास हवे होते, हे आता आम्हास ठाऊक आहे. त्याला पुडीचे नाव विचारावयाचे होते, ते कागदावर लिहावयाचे होते आणि दुचाकी लगेच परत फिरवावयास सांगावयाचे होते. आपल्या दारात पुढचा कुत्रा येईल तेव्हा वाचकांनी एवढे केले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.